गनबो स्ट्रीटचे गणबाशेट आणि पाडलेल्या तटाची रेघ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रांच्या पानावर ठाण्याच्या एका गृहस्थांचे पत्र होते. दादाभाई नौरोजी रोडचा पदपथ उकरून ठेवल्यामुळे चालणाऱ्यांचे जे हाल होतात त्याबद्दल त्यांनी लिहिले होते. त्यातले अक्षर न् अक्षर खरे आहे. पण जाता जाता त्यांनी एक वाक्य टाकले. नाहीतरी हा रस्ता साहेबाने साहेबासाठी केलेला, आपला मराठी माणसाचा संबंध काय तो टोकाच्या हुतात्मा स्मारकापुरता, असे. ते वाचले आणि हातातला चहा निवून गेला.

मी टंकलेखिका होते. टाइप करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. चुकलेले अक्षर दिसले की ते खोडून त्यावर बरोबर अक्षर मारल्याशिवाय कागद मशीनमधून काढवत नाही. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली तरी खोड गेलेली नाही. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. कात्री तुमच्या हातात आहे, फक्त गणबाशेटांचा भाग तेवढा कापू नका.

१९७२ ते २०१४ अशी बेचाळीस वर्षे मी त्या रस्त्याने चालले. आधी कॉलेजसाठी, मग कॉलेज आणि नोकरी दोन्हींसाठी, मग नुसती नोकरीसाठी. एका विमा कंपनीची कचेरी तिथे होती, फ्लोरा फाउंटनच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या बोलण्यात त्या रस्त्याला नावच नव्हते. व्हीटीला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरायचे आणि फाउंटनला जायचे, एवढेच. पाकिटावर पत्ता टाइप करताना मात्र ‘डॉ. डी. एन. रोड’ लिहायचे. माझे वडील ट्रामचे कंडक्टर. ते शेवटपर्यंत ‘हॉर्नबी रोड’ म्हणत. दादाभाईंबद्दल त्यांना आदर होता, फाउंटनजवळच्या त्यांच्या पुतळ्याला ते मान लववत. पण रस्ता हॉर्नबीचा. जिभेवर बसलेले तिकिटांच्या थांब्याचे नाव ते, सुटत नाही.

हा हॉर्नबी कोण, तेही सांगते. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता. महालक्ष्मीची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. वरळीच्या खाडीचा बांध पुन्हापुन्हा कोसळत होता, मग रामजी शिवजी प्रभूंना देवीने दृष्टान्त दिला, मूर्ती सापडल्या आणि बांध टिकला. तो बांध हॉर्नबीचा, हॉर्नबी व्हेलार्ड. पण त्याची दुसरी गोष्ट आपल्याला अधिक लागू आहे. १७७९च्या जानेवारीत मराठ्यांनी वडगावला इंग्रजांच्या फौजेला कोंडून तह करायला लावला, तो तह ज्याने मुंबईत बसून धुडकावला तोही हाच. म्हणजे रस्त्याचे जुने नाव घेतले तरी महादजी आणि नाना फडणीस आलेच.

आता रस्त्याकडे. क्रॉफर्ड मार्केटशी तो सुरू होतो, जेजे कलाशाळा, अंजुमनची शाळा, टाइम्सची इमारत उजवीकडे ठेवत आणि व्हीटी डावीकडे ठेवत महापालिकेसमोर येतो. तिथे फाटा फुटतो आणि आपला रस्ता कॅपिटॉल सिनेमाला वळसा देऊन सरळ दक्षिणेला फाउंटनला जाऊन मिळतो. सगळा मिळून दीड-पावणेदोन किलोमीटर. त्यातला व्हीटी ते फाउंटन हा तुकडा माझा. माझ्या चालीने बारा मिनिटे, गुडघा दुखायला लागल्यावर सतरा.

त्या तुकड्याचे सुख म्हणजे कमानी. दोन्ही बाजूंच्या बहुतेक इमारतींचा वरचा भाग पदपथावर पुढे आलेला आहे आणि खाली खांबांची रांग. आमच्या कोकणातल्या घराला जशी ओसरी, तशी ही मैलभर ओसरी. हे मालकांच्या हौसेने झालेले नाही. १८९६ साली नियम झाला की या रस्त्यावर जो इमारत बांधील त्याने तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडली पाहिजे. वर काय करायचे ते करा. म्हणून कोणी गॉथिक टोके काढली, कोणी ग्रीक खांब लावले, कोणी घुमट चढवला, पण खालची ओसरी सलग राहिली. जागा इमारतीची, वाट लोकांची. जुलैच्या पावसात मी छत्री न उघडता कचेरी गाठलेली आहे, मधल्या दोन-तीन क्रॉसिंगला काय भिजायचे तेवढेच.

उन्हाचे गणित मला पहिल्याच वर्षी जमले. सकाळी ऊन पूर्वेचे, त्यामुळे पूर्वेच्या अंगाच्या इमारती आपल्याच पदपथावर सावली धरतात. व्हीटीकडून जाताना पूर्व डाव्या हाताला. संध्याकाळी सावली पश्चिमेच्या अंगाला, आणि परत येताना पश्चिमही डाव्याच हाताला. बेचाळीस वर्षे जाताना डावीकडून गेले, येताना डावीकडून आले. कमानीखालचे विक्रेतेही त्यामुळे माझे दोन संच झाले होते. सकाळचा चष्म्याच्या काड्या आणि घड्याळाचे पट्टे विकणारा, संध्याकाळचा हातरुमाल आणि सेफ्टी पिनांचा. या दोघांनी एकमेकांना कधी पाहिले असेल असे वाटत नाही.

एकदा याच ओसरीत पडलेही. २००९ साली एका इमारतीने आपल्यापुरती फरशी चार बोटे उंच करून घेतली. रोजची वाट, डोळे मिटून चालणारी बाई, ठेच लागून मनगट मोडले. महिनाभर डाव्या हाताने टाइप केले. ठाण्याच्या गृहस्थांचे दुखणे मला कळते, ते असे.

डाव्या अंगाने चालत असल्यामुळे माझ्या एक लक्षात येई. सकाळी डावीकडे आत शिरावे तर सगळ्या गल्ल्या अरुंद, एकमेकींना बिलगलेल्या, जराशा वाकड्या : बोरा बाजार, मोदी स्ट्रीट, बझारगेट स्ट्रीट. हातगाडी आली तर माणसाने दुकानाच्या पायरीवर चढायचे. आणि उजवीकडे पाहावे तर इमारतींची एक-दोन फळ्यांची दाटी संपली की एकदम आकाश. पलीकडे आझाद मैदान. एकाच रस्त्याचे दोन काठ, एक गर्दीचा, एक मोकळा. कामाला लागून आठ-दहा वर्षे झाली तरी मला वाटायचे, बांधणाऱ्याची लहर असेल.

आमच्या कचेरीत हिशेबखात्यात एक म्हातारे पारशी गृहस्थ होते. त्यांना हे विचारले तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “अरे बाई, तू रोज कोटच्या वॉलवरून चालते, तुला ठाऊक नाय?”

मला ठाऊक नव्हते. आजीच्या तोंडी ‘कोटात’ हा शब्द ऐकला होता. आजोबा कोटात कामाला होते, असे ती म्हणे. मला वाटे, अंगात कोट घालून जाण्याची नोकरी असेल. कोट म्हणजे किल्ला. फोर्ट म्हणजे तोच. या भागाला खरोखर तट होता, त्याला तीन दरवाजे होते : दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजारगेट आणि पश्चिमेला चर्चगेट. चर्चगेटजवळ पवनचक्की होती म्हणून आपली माणसे त्याला पवनचक्की दरवाजा म्हणत. रात्री दरवाजे बंद होत. उत्तरेचा बाजारगेट होता बोरीबंदरच्या, म्हणजे व्हीटीच्या बाजूला आणि चर्चगेट होता आज जिथे फाउंटन आहे तिथे. म्हणजे माझा बारा मिनिटांचा तुकडा हा एका नाहीशा झालेल्या दरवाज्यापासून दुसऱ्या नाहीशा झालेल्या दरवाज्यापर्यंत, तटाच्या अंगाअंगाने गेलेला. डावीकडे कोटाच्या आतली दाटी, उजवीकडे कोटाबाहेरचे मैदान. भिंत गेली, तिचे दोन बाजूंचे स्वभाव राहिले.

आता ठाण्याच्या गृहस्थांनी इथे जरा थांबावे. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. घोडबंदर, ठाणे, साष्टी त्याआधीच मराठ्यांकडे आली होती. आता पाळी मुंबईची, म्हणून इंग्रजांची झोप उडाली. तट होता, पण त्याभोवती धड खंदक नव्हता. खंदक खणायचे ठरले आणि कोटातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी जमवून दिली. धाक केवढा असेल पाहा, व्यापाऱ्याने आपणहून पैसे काढले. मग तटाबाहेर तोफेच्या टप्प्यात झाड नको, घर नको, कोणाला आडोसा नको, म्हणून माडांच्या वाड्या आणि घरे हटवून जागा साफ केली. पुढे ती जागा वाढवत वाढवत नेली. १८०३ साली कोटाच्या उत्तर भागात मोठी आग लागली, त्यानंतर तर आणखीच. तेच एस्प्लनेड. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल हे त्याचे उरलेले तुकडे. शाळेतली पोरे तिथे क्रिकेट खेळतात आणि फाउंटनचे बाबू डबा खाऊन तिथे पाय मोकळे करतात ते चिमाजीअप्पांच्या कृपेने. अप्पा मुंबईवर आले नाहीत, पण त्यांच्या भीतीने मुंबईचा नकाशा आखला गेला. मराठी माणसाचा संबंध नाही म्हणता?

पुढे मराठ्यांचे राज्य गेले, तटाला काम उरले नाही. आत माणसे मावेनात, घाण मावेना. १८६२ साली बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आला. अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस बंद पडला आणि मँचेस्टरला हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर राहिले नाही. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या भरात फ्रियरने तट पाडला, खंदक बुजवला, जमिनीचे तुकडे विकले. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, अर्धी पेठ बुडाली, पण भिंत तोवर गेली होती. सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात जुन्या बांधकामाचा एक तुकडा शिल्लक आहे. आमच्या कचेरीतल्या एकीची बाळंतपणानंतरची दुखणी तिथे चालू असताना मी तो पाहिला. त्यावर पिंपळ उगवला होता.

आता गणबाशेट.

फाउंटनकडे जाताना डाव्या हाताला गनबो स्ट्रीट लागते. आता तिचे नाव रुस्तम सिधवा मार्ग, पण पत्ता सांगताना गनबोच. आमची कागद, कार्बन आणि रिबिनी तिथल्याच एका दुकानातून येत. ‘गनबो’ हा शब्द मी इंग्रजीतून टाइप करत असे आणि मनात त्याची फोड करत असे : गन म्हणजे बंदूक, बो म्हणजे धनुष्य. किल्ल्याजवळची गल्ली, तिथे शस्त्रागार असेल, असा माझा तर्क. कार्बन आणायला जाणाऱ्या शिपायालाही तो मी ऐकवला होता. वीस वर्षे असा समज करून घेतला होता.

शस्त्रे कुठली नि काय. गनबो म्हणजे गणबा. गणबाशेट हे अठराव्या शतकात कोकणातून येऊन कोटात व्यापारात नावारूपाला आलेले आपले दैवज्ञ गृहस्थ, जगन्नाथ शंकरशेट यांचे पूर्वज. साहेबाच्या कागदावर गणबाचे गनबो झाले, मग गनबो इंग्रजी वाटू लागले, मग इंग्रजी वाटते म्हणून बदलले. म्हणजे परकी नावे पुसण्याच्या उत्साहात एक मराठी नाव पुसले गेले, आणि ते पुसले हे कोणाच्या लक्षातही आले नाही. रुस्तम सिधवांबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्यांचे नाव राहू दे. पण पाटीवर खाली बारीक अक्षरात ‘पूर्वीचे नाव गणबाशेट यांच्यावरून’ एवढे लिहायला कितीशी जागा लागते? मी एका ओळीत पासष्ट अक्षरे बसवत असे.

गणबाशेटांच्या गल्लीतून निघून पाच-सात मिनिटे उलट चालत या आणि व्हीटीच्या दर्शनी भिंतीकडे मान वर करा. तिथे दगडात कोरलेल्या चेहऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आहेत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती रेल्वे आणणाऱ्या मंडळींत ते होते. वारले १८६५ साली. इमारत सुरू झाली १८७८ साली, पुरी व्हायला दहा वर्षे लागली. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ती केली आणि मग समोरची महापालिकेची इमारतही त्यानेच केली, ती १८९३ची. व्हीटीच्या भिंतींवरचे मोर, माकडे, पाने, फुले यांचे कोरीवकाम जेजेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. माझी नात चौथीत असताना तिला घेऊन गेले होते. ती म्हणाली, आजी, माकड हसतंय. मी चाळीस वर्षांत ते माकड पाहिले नव्हते, कारण मला आठ बावन्नची लोकल पकडायची नाहीतर सोडायची असे.

जेजेचे नाव निघाले म्हणून. शाळा १८५७ची, या रस्त्यावरची इमारत १८७८ची. रस्ता साहेबाचा म्हणणाऱ्यांनी त्या फाटकातून कोण कोण आत गेले ते आठवावे. १८९० साली कोल्हापूरहून एक मुलगा आला, महादेव विश्वनाथ धुरंधर. तिथेच शिकला, तिथेच शिकवू लागला, पुढे त्याची चित्रे घराघरांत गेली. गणपतराव म्हात्र्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली तेव्हा ते तिथले विद्यार्थी होते. पुण्या-कोल्हापूरची, कोकणातली पोरे वळकटी घेऊन बोरीबंदरला उतरत आणि रस्ता ओलांडून जेजेत जात. यांचा संबंध नाही तर कोणाचा?

आणि माझा स्वतःचा. बारावी नव्हती तेव्हा, जुनी अकरावी. घरी आम्ही पाच भावंडे, परळची चाळ, वडिलांची पेन्शन जेमतेम. नोकरी धरल्याशिवाय भागणार नव्हते आणि मला बी. ए. व्हायचे होते. सिद्धार्थ कॉलेज सकाळचे भरत असे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ते मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत सुरू केले, मग कोटात इमारती घेतल्या. त्यातले आनंद भवन याच रस्त्यावर, कमानींच्या वर. दिवसा कामाला जाणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून तास पहाटे ठेवण्याचा विचार त्यांचाच. करी रोडहून पावणेसहाची गाडी धरायची, साडेसहाला रस्त्यावर कुत्र्यांखेरीज आणि पाव वाटणाऱ्यांखेरीज कोणी नसे. दहाला तास संपला की जिना उतरायचे आणि त्याच पदपथाने साडेदहाला कचेरीत. माझ्या बाकावर एक पोस्टात सॉर्टर, एक गिरणीतला, एक माझ्यासारखीच टायपिस्ट. आम्ही कोणी ब्राह्मण, कोणी मराठा, कोणी बौद्ध. झोप सगळ्यांना सारखीच येई. या रस्त्याच्या इतिहासात बांधणाऱ्यांची नावे असतात. पहाटे तिथल्या जिन्याने वर जाणाऱ्यांची नसतात. म्हणून मी लिहिते आहे.

ट्रामचे थोडक्यात सांगते, कारण वडिलांनी ते एवढ्यांदा सांगितले आहे की लांबवायची सोय नाही. ९ मे १८७४ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ला विजेची आली आणि ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. त्या रात्री दुतर्फा माणसे उभी होती. मी दहा वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर बसण्याएवढी लहान नव्हते, तरी बसवले. काही वर्षांपूर्वी फाउंटनजवळ खोदकाम करताना जुने रूळ सापडले अशी बातमी आपल्याच अंकात वाचली. वडील असते तर कितव्या गाडीचे ते सांगून मोकळे झाले असते.

त्यांनी एकच दिवस कधी रंगवून सांगितला नाही, २१ नोव्हेंबर १९५५. त्या दिवशी फाउंटनला गोळीबार झाला, पंधरा माणसे गेली. वडील ड्यूटीवर होते. गाड्या थांबल्या. ते तिकिटांची पेटी आणि रोकडीची पिशवी घेऊन बोरीबंदरहून परळला चालत आले. रात्री पिशवी उशाशी घेऊन झोपले, दुसऱ्या दिवशी रोकड नेऊन भरली. दोन आणे कमी भरले, ते खिशातून घातले. आई विचारी, तिकडे काय पाहिलेत, तर म्हणत, दोन आणे कमी आले. याच्यापुढे कधी गेले नाहीत.

१९६० साली महाराष्ट्र झाला, चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले. मशाल घेतलेले शेतकरी-कामगार तिथे उभे आहेत. आणि त्यांच्याशेजारी फ्लोरा देवी, १८६४ची, मुळात राणीच्या बागेसाठी केलेली, ती इथे येऊन बसली. बरोबर पवनचक्की दरवाज्याच्या जागी. हे दोन्ही एकाच चौकात आहेत याचे मला कधी वावडे वाटले नाही. एक दरवाजा पाडल्यामुळे तिथे आली, दुसरे पाडलेल्या दरवाज्यातून आत आले.

आता मुद्दा. पदपथ उकरलेलाच आहे. ज्या कोणाच्या हातात ते काम असेल त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की बंद करताना त्यात एक काळ्या दगडाची वीतभर रुंद पट्टी टाका. बाजारगेटच्या जागेपासून निघून जुना तट जसा जात होता तशी ती फाउंटनपर्यंत जाऊ दे. जुने नकाशे आहेत, आजच्या नकाशावर ते बसवणारी हुशार मुले आहेत. रेघ कुठे पदपथावर येईल, कुठे एखाद्या इमारतीत शिरेल आणि पलीकडून बाहेर पडेल, तशीच येऊ द्या, सरळ करायला जाऊ नका. दोन दरवाज्यांच्या जागी दोन लाद्या. एकीवर ‘बाजारगेट’, दुसरीवर ‘चर्चगेट ऊर्फ पवनचक्की दरवाजा’. पुतळा नको, कारंजे नको, उद्घाटनाचा मांडव नको. मांडव घातला तर आणखी आठ दिवस रस्ता बंद राहील. आणि लादी पदपथाच्या पातळीत बसवा. चार बोटे वर आलेल्या फरशीचे काय होते ते मी मनगटावर दाखवू शकते.

गनबो स्ट्रीटच्या पाटीची ओळ वर लिहिलीच आहे. मजकूर हवा असेल तर मी टाइप करून देईन.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
निवृत्त टंकलेखिका, डोंबिवली (पूर्व)

ता. क. : ठाण्याच्या त्या गृहस्थांना माझा निरोप द्यावा. पदपथ नीट होईपर्यंत त्यांनी सकाळी डाव्या अंगाने जावे आणि संध्याकाळी डाव्याच अंगाने परतावे. खड्डे दोन्हीकडे आहेत, पण ऊन तरी लागणार नाही.